झरोक्यात नाही ते जगात नाही

मी आज जो काही आहे तो शेषराव मामांमुळे आहे. पूर्वी हे वाक्य मी फार अभिमानाने सांगत असे. आता तो अभिमान तसा उरलेला नाही, पण वाक्य बदलता येत नाही, कारण ते खरे आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. मी बी.एस्सी. झालो, पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक मॅट्रिक नापास माणूस आहे.

मामा म्हणजे नात्याने मामा नव्हेत. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत ते फील्ड सुपरवायझर होते आणि गेटवरच्या वॉचमनपासून सगळे त्यांना मामाच म्हणत. उंच, वाळलेला देह, पांढरा सदरा, खांद्याला कॅमेऱ्याची कातडी पिशवी. त्यांची एक सवय नव्या माणसाला चमकवायची. कोणतीही गोष्ट नीट बघायची झाली की ते डावा डोळा मिटत. कपाशीचे बोंड असो, बाजारातला बैल असो, नाहीतर मुलगी पाहायला आलेला नवरदेव असो; मामांचा डावा डोळा मिटला की समजायचे, परीक्षा सुरू झाली. मामींच्या भाचीला पाहायला आलेल्या एका मुलाचा बाप त्यावरून भडकला होता.

"पाव्हणं, डोळा मारून राह्यले का माझ्या पोराला?"

"मारून न्हाई राह्यलो," मामा शांतपणे म्हणाले, "मोजून राह्यलो. पोरगं बराबर हाय, बाप जरा गरम वाटतो."

लग्न जमले. त्या व्याह्यांनी पुढे स्वतःच हा किस्सा गावभर सांगितला.

आमचे गाव घनसावंगीकडचे. तिथे कंपनीसाठी संकरित कपाशीचे बियाणे तयार करण्याचे काम चाले. संध्याकाळी फुलाच्या कळीतले नर काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. आम्ही त्याला नुसते 'क्रॉसिंग' म्हणायचो. सुट्टीत मीही या कामावर जाई. एकदा शेतातल्या पत्र्याच्या पाटीवरची अक्षरे उन्हाने उडाली होती, ती मी रंगाने पुन्हा लिहून काढली. मामा तपासणीला आले, पाटीसमोर थांबले, डावा डोळा मिटला.

"हे कोणी लिव्हलं?"

मला वाटले आता बोलणी बसणार. पण त्यांनी माझ्या वडिलांना हाक मारली. "अहो, अक्षर बघा पोराचं, छापल्यावानी हाय! हे पोरगं कळ्या खुडायला ठिवलं तर पाप लागंल तुम्हाला."

वडील म्हणाले, "दहावी झाली की कामाला लावतो. शिकवायला खर्चा कुठून आणू?"

"खर्चाचं मी बघतो. माझ्या घरी र्‍हाईल. मामी भाकरी थापतीच, त्यात त्याची बी थापील."

आणि खरोखरच मी जालन्याला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेलो. अकरावीपासून पदवीपर्यंत मी त्या घरातला एक होतो. पहिली काही वर्षे मामींनी मला पाहुण्यासारखे जपले आणि नंतर घरच्यासारखे रागावले. दोन्ही मला सारखेच हवेसे वाटले. मामा अभ्यासाविषयी काही विचारत नसत. फक्त निकालाच्या दिवशी ते रजा घेत. "मी मॅट्रिकच्या दारात तीन वर्सं बसलो," ते म्हणत, "आत कुणी घेतलंच न्हाई. तू जाऊन ये आन आत काय असतं ते मला सांग." बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा त्यांनी कंपनीत पेढे वाटले आणि साहेबांपुढे मला उभे करून म्हणाले, "साहेब, हे आपलं पोरगं. मी जे अंदाजानं सांगतो ते हे पुस्तकातून सांगंल." मला नोकरी लागली. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरच्या सगळ्या पाट्या मी लिहू लागलो.

फोटोचे काम मात्र मामांकडेच होते. नवीन वाणाचे पीक कसे आले, बोंडे किती लागली, याचे फोटो काढून ते जाहिरातीच्या पत्रकावर छापायचे असत. त्यांच्याजवळ जुना, जड, रोलचा कॅमेरा होता. त्याच्या मागच्या बारक्या काचेला, जिला डोळा लावून बघायचे, तिला ते 'झरोका' म्हणत. मामा झरोक्याला डोळा लावत तेव्हा शेतात सगळे गप्प होत. टोपी सरळ करून शेतकरी श्वास रोखून उभा राही आणि मामाही श्वास रोखत. बटण दाबल्यावर दोघे मिळून श्वास सोडत. मला त्यांनी शिकवले तेही असेच. "झरोक्यात कोपरे बघ. चारी कोपरे. मधलं सगळ्यांलाच दिसतं." आणि त्यांचे ठरलेले वाक्य: "झरोक्यात न्हाई ते जगात न्हाई."

त्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ते खरेही होते. त्याचा झरोका भिंगातूनच बघायचा. आत जे दिसे तेवढेच रोलवर उतरे.

मग दोन हजार चार-पाचच्या सुमाराला साहेबांनी ठरवले की रोल बंद, डिजिटल कॅमेरा घ्यायचा. आम्हा दोघांना बाजारात पाठवले. दुकानदार तरुण होता, उत्साही होता. त्याने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एकाला मागे मोठा पडदा होता आणि झरोका मुळीच नव्हता. दुसऱ्याला वरच्या बाजूला लहानसा झरोका आणि खाली लहान पडदा.

"काका, आता झरोका कोण बघतं? पडद्यावर बघा, जे दिसतं तेच येतं. हात लांब करायचा आणि दाबायचं."

"हात लांब करून फोटो काढायचा म्हंजे ताट लांबून हुंगायचं," मामा म्हणाले.

मला पडदा फार आवडला होता. दुकानातल्या पंख्याची पाती त्यावर फिरताना दिसत होती. मी म्हणालो, "मामा, लगेच बघायला मिळतं. चुकलं तर परत काढता येतं."

मामांनी तो कॅमेरा उचलला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून भर रस्त्यात उन्हात उभे राहिले. दुकानदार घाबरून मागे धावला. बाहेर दुपारचे आपल्याकडचे ऊन. मामांनी पडदा माझ्यासमोर धरला.

"काय दिसतं?"

पडदा काळाठिक्कर पडला होता. त्यात माझेच तोंड दिसत होते.

"मीच दिसतो."

"आरसा हाय हा, आरसा! न्हाव्याला नेऊन दे. आपल्याला फोटो कुठं काढायचा? एसीत का वावरात?"

दुकानदाराने तो कॅमेरा मुकाट आत नेऊन ठेवला. झरोक्याचा कॅमेरा घेतला. पैसे देताना त्याने एवढे मात्र सांगितले, "काका, याचा झरोका वेगळा आहे आणि भिंग वेगळं. झरोक्यात दिसतं त्यापेक्षा फोटोत थोडं जास्त येतं. जवळचं काढताना पडद्यावर बघत जा."

"जास्त येतं तर चांगलंच हाय की," मामा म्हणाले. "कमी तर येत न्हाई ना?"

बाहेर पडताच त्यांनी बटण दाबून पडदा बंद करून टाकला. पडदा सेल खातो, हे त्यांचे दुसरे कारण, आणि तेही खोटे नव्हते. खेड्यात गेल्यावर चार पेन्सिल सेल संपले की कॅमेरा म्हणजे डबी.

मामा नसले की मी पडदा उघडत असे. क्रॉसिंगच्या बायका सावलीला बसल्या की त्यांचा फोटो काढून लगेच दाखवायचो. एका म्हातारीने पडद्यावर स्वतःला बघून पदर सावरला, तेव्हा बाकीच्या इतक्या हसल्या की मुकादम धावत आला. "आत्ता सावरून काय उपेग, मावशे? फोटू निघून गेला!" मामांनी दुरून पाहिले. ते रागावले नाहीत, पण मोटारसायकलवर मागे बसलो तेव्हा म्हणाले, "फोटो काढून राह्यला का तमाशा दाखवून राह्यला? माणसाला त्याचं तोंड जल्दी दाखवू ने. त्याला आधी वाट बघू दे."

नवीन कॅमेऱ्याचे फोटो ऑफिसात फारुख उतरवून घेई. तो कॉम्प्युटर सांभाळायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला बोलावून दाखवले. बोंडाच्या फोटोत कडेला मामांची चप्पल. शेतकऱ्याच्या फोटोत कडेला त्याची बकरी, तीही अर्धी.

"मामा," फारुख म्हणाला, "तुम्ही मागवता शेर आणि येतं सव्वाशेर. बकरीचे पैसे वेगळे लावू का?"

"आर्धीच हाय, आर्धेच लाव," मामा म्हणाले. "कडा कापून टाक. मी काही बकरी बघितली न्हाई झरोक्यात."

तेव्हापासून तशी पद्धतच पडली. मामा झरोक्यातून बघून काढत, फारुख कडा कापे, पत्रक छापले जाई. मामांनी काढलेला पूर्ण फोटो कसा होता हे फारुखशिवाय कोणी बघत नसे, आणि मामा तर कधीच बघत नसत. मला वाटे, सव्वीस वर्षे एका कॅमेऱ्यावर विश्वास ठेवलेला माणूस आहे, त्याला दुसरा कॅमेरा तसाच वाटणारच.

पुढच्या हंगामात साहेबांनी मला पहिल्यांदा स्वतंत्र प्लॉट दिला. वडीगोद्रीच्या बाजूला, रस्त्यापासून आत, एका शेतकऱ्याच्या रानात आमच्या नवीन कपाशीची लागवड केली. बी मी मोजून दिले, पाटी मी लिहिली, आठवड्याला मी जाऊन उभा राहिलो. त्या भागात माझे पाव्हणेरावळे होते. माझ्या शब्दावर लोक पुढच्या वर्षी ते बियाणे घेणार होते. वडील गावात सांगत, "दत्ता म्हणतो म्हंजे बराबर असंल." मला रात्री झोप न येण्याइतका आनंद झाला होता.

पण पीक बिघडले. गणपतीनंतर पाने लाल पडू लागली. आपल्याकडे त्याला लाल्या म्हणतात. बोंडे लहान राहिली. मी मामांना सगळे सांगितले. साहेबांनाही सांगायचे म्हणत होतो.

मामा म्हणाले, "थांब. शेतकऱ्यांचा मेळावा ठरलेला हाय, मंडप बी ठरला. मी येऊन बघतो."

त्याच सुमाराला बहिणीचे बाळंतपण होते, म्हणून मी आठवडाभर गावी गेलो होतो. परत आलो तर मामा म्हणाले, "फोटो काढून आलो. एक कोपरा चांगला हाय बघ, तिथला घेतला. फोटोची काळजी करू नको." मी सुटल्यासारखा झालो. मामा गेले म्हणजे काही तरी चांगले शोधूनच आले असणार, असे मला वाटले. शंका आली नाही. ज्याने आयुष्यभर आपल्याला घास दिला, त्याच्या हातातल्या घासावर कोणी शंका घेते का?

मेळावा वडीगोद्रीजवळ रस्त्याच्या कडेला होता. फारुख भावाच्या लग्नाला गेला होता. त्यामुळे कडा कापायला कोणी नव्हते, आणि फ्लेक्सवाल्याने सीडीवरचा फोटो जसा होता तसा मोठा करून छापला. फ्लेक्स मंचाच्या मागे बांधला गेला तेव्हा मी समोर लोकांना बसवत होतो. वर चढलो ते थेट माईकवर. फ्लेक्सकडे माझी पाठ होती. हातात काठी घेऊन मी मागे न बघताच दाखवत होतो, "ही बोंडं बघा. ही आपल्या वडीगोद्रीच्या मातीत आलेली आहेत."

पुढच्या रांगेत कोणी तरी खुदकन हसले. मग दुसरा. मग मंडपभर हसू पसरले. एक पोरगा ओरडला, "आरं, हे तर बाबुरावचं बँडवालं!"

मी वळून पाहिले. मधोमध पांढरीशुभ्र कपाशी, हिरवीगार, एक पान लाल नाही. तिच्यात माझ्या हाताने रंगवलेली पाटी. आणि उजव्या कडेला, फ्लेक्सच्या अगदी टोकाला, एक बुजगावणे अर्धे डोकावत होते. त्याच्या अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर.

आमच्या प्लॉटशेजारी, बांधापलीकडे, बाबुरावांचे रान होते. बाबुराव तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवत. बँड मोडल्यावर तो कोट त्यांनी रानडुकरांना भिववायला बुजगावण्याला घातला होता. पंचक्रोशीत तो कोट ओळखत नाही असा माणूस नव्हता. त्यांच्या रानात बियाणे दुसऱ्याच कंपनीचे होते.

बाबुराव मंडपात होतेच. ते उठले. हसत नव्हते.

"माझी पऱ्हाटी आन तुमची पाटी? औंदा बँडवाल्याला बी पगार देणार का कंपनी?" लोक पुन्हा हसले. ते थांबल्यावर बाबुराव माझ्याकडे बघून म्हणाले, "दत्ता, माझ्या विहिरीचं पाणी पिऊन गेलास ना रे तू? मंग इचारून तरी लावायची पाटी."

मामा मंचाच्या कडेलाच उभे होते; साहेब खुर्चीतून उठून आमच्याजवळ आले. माईक चालूच होता. त्यांनी मामांना विचारले, "शेषराव, हे काय आहे?"

मी मामांकडे पाहिले. मला अजिबात भीती वाटत नव्हती. मला वाटले, आता मामा बोलतील आणि सगळे नीट होईल. मामांनी फ्लेक्सकडे पाहिले. त्या लाल कोटाकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले. फोटोत तो त्यांनी खरोखरच पहिल्यांदा पाहिला होता. मग खाली बघून म्हणाले,

"प्लॉट दत्ताचा हाय, साहेब. पाटीवरलं अक्षर बी दत्ताचंच हाय. मी काय बोलू?"

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. म्हणून मला उत्तर देता आले नाही. खोट्याला खोटे म्हणता येते. साहेबांनी मला विचारले, "अक्षर तुझं आहे?" मी म्हणालो, "माझं आहे." बस, तेवढेच माझे बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी मला कामावर येऊ नको असे सांगण्यात आले.

त्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते. मामी चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"मामा, पाटी तुम्ही उपटून तिकडं रोवली ना?"

"रोवली."

"मंग सांगितलं का न्हाई?"

ते बाजेवर जरा सरकून बसले. मग म्हणाले, "साहेबानं मला मागंच सांगितलं होतं, आता नवीन पोरं घ्यायचेत, शिकलेली. एक बी चूक झाली की शेषराव घरी. दत्ता, तुझ्याकडं कागद हाय. तू उद्या कुठल्या बी कंपनीच्या दारात हुबा राह्यलास तर खुर्ची देतील. मला कोण देणार? वॉचमनची काठी?"

"पण नाव माझं गेलं, मामा. तिथं माझे पाव्हणे बसले होते."

"नाव परत येतं रे. पोट परत येत न्हाई." आणि मग, जणू हिशेबातली सोपी गोष्ट समजावून सांगावी तसे, म्हणाले, "तुला शिकवलं ते उगाच का?"

मामींच्या हातातली भाकरी थांबली. "अहो," त्या म्हणाल्या, "पोराच्या तोंडाकडं बघून बोला."

मामांनी बघितले नाही. मामींनी ताट वाढून माझ्यापुढे ठेवले. त्या घरात वाढलेले ताट मी पहिल्यांदाच तसेच ठेवून उठलो.

मामा त्या दिवशी काय म्हणाले याचा मी फार विचार केला आहे. त्यांना काय म्हणायचे होते? तू शिकलास म्हणून तुला जगता येईल, एवढेच? की अशा वेळी माझ्या जागी उभा राहशील म्हणूनच शिकवले? पहिला अर्थ घेतला तर त्यांच्यावर राग धरता येत नाही. दुसरा घेतला तर त्या घरातली सगळी वर्षे, सगळ्या भाकरी, निकालाच्या दिवशीची त्यांची रजा, सगळेच नासते. मी एकेका दिवशी एकेक अर्थ घेतो.

खुर्ची मात्र मिळाली नाही. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या एकमेकांच्या शेजारी आहेत आणि बातमी भिंतीवरून उडी मारते. एका ठिकाणी मुलाखतीला बसलो तर समोरचा म्हणाला, "म्हणजे तो पाटीवाला दत्ता तूच का?" आणि सगळे हसले. गावी वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "अक्षर तुझंच व्हतं?" मी होय म्हणालो. "मंग लोकांना मी काय सांगू?" मी त्यांना मामांचे नाव सांगितले नाही. वडील देवापुढे नंतर आणि मामांपुढे आधी हात जोडत. ते हात मला मोकळे करायचे नव्हते.

पुढे बी.एड. केले. अंबड तालुक्यात एका शाळेवर लागलो. नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की बाबुरावांकडे गेलो, आणि दुसरी, मामांना पत्र लिहिले. पत्रात जो रविवार लिहिला होता त्या दिवशी मी वडीगोद्रीच्या स्टँडवर उभा होतो. जालन्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघितली. ऊन कलले, बाजारची माणसे परतली, स्टँडवरचा केळीवाला म्हणाला, "मास्तर, कुणाला घ्यायला आल्ते?" मामा आले नाहीत. पत्राचे उत्तरही आले नाही.

मामी पुष्कळ दिवसांनी एका लग्नात भेटल्या. त्यांनी सांगितले, पत्र मामांनी दोनदा वाचले. त्या रविवारी सकाळीच अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, चपला घालून बाजेवर बसले. "मी म्हणलं, जा की. तर म्हणले, जातो. दुपारपर्यंत जातो जातोच म्हणून राह्यले. मंग चपला काढल्या." पुढे वर्षाच्या आतच मामा गेले. बाबुरावांना खरे काय ते मी त्यानंतर सांगितले. ते एवढेच म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव आता कशापायी घेतो?" म्हणजे माझ्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही, ते मला आजही माहीत नाही.

पत्र लिहिताना मामा येतील याची मला खात्री होती. त्याचे कच्चे लिखाण माझ्याजवळ राहिले आहे. ते असे:

तीर्थरूप शेषराव मामांस,

साष्टांग नमस्कार. मामींना नमस्कार सांगावा.

मला शाळेत नोकरी लागली. विज्ञान शिकवतो. पहिल्या दिवशी वर्गात गेलो तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही म्हणायचात, आत काय असतं ते मला येऊन सांग. आत काही विशेष नसतं मामा, फळा असतो आणि पोरं असतात. पण तिथपर्यंत तुम्हीच नेलंत, हे मी कधी विसरणार नाही आणि कोणापुढे नाकारणारही नाही.

आता दुसरं. मला तुमचा राग आला होता आणि अजून आहे. तो लपवून नमस्कार लिहिला तर तो नमस्कार खोटा होईल, म्हणून लिहितो. नोकरी गेली त्याचं मला काही नाही. तुमची गेली असती तर मामींचं काय झालं असतं, हे मला कळतं. तुम्ही मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं असतं, दत्ता, उद्या काही झालं तर तुझ्यावर घे, तर मी घेतलं असतं. तुम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तुमचा माणूस ठरलो असतो. न विचारता केलंत, म्हणून मी नुसता कामाला आलो.

बाबुरावांकडे गेलो होतो. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, पण पाणी मागितल्याशिवाय दिलं नाही. म्हणाले, पाटी तूच रोवली का? मी गप्प बसलो. तुमचं नाव माझ्या तोंडून निघेना. मला ते सांगता येणार नाही, आणि सांगितलं तरी लोक म्हणतील, ज्याचं खाल्लं त्याच्यावर उलटला. हे तुम्हीच सांगायला हवं. साहेबांना सांगू नका, नोकरी सांभाळा. फक्त बाबुरावांना सांगा. ते कोणाला सांगणार नाहीत, तसा शब्द मी त्यांच्याकडून घेईन.

येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी सकाळपासून वडीगोद्रीच्या स्टँडवर थांबतो. तुम्हाला एकटं जायला नको. बांधावरून आपण दोघं जाऊ. बोलायचं तुम्ही, मी शेजारी उभा राहीन. दोन वाक्यांचं काम आहे. तुम्हाला जड गेलं तर एकच बोला, दुसरं मी पुरं करीन.

परत येताना स्टँडवर चहा घेऊ. माझा शाळेचा पहिला पगार झाला आहे, तेव्हा चहाचे पैसे मी देईन. तुम्ही खिशात हात घालायचा नाही.

वाट बघतो.

तुमचा,
दत्ता